दिवेआगरची सहल आणि दुसरा ग्रुप

हे प्रकरण माझ्याकडे घेऊन आली ती वगळणाऱ्यांपैकीच एक मैत्रीण. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. खुर्चीत बसता बसता तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. चौघींच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची शेवटची ओळ होती ती, एक जण ग्रुपमधून बाहेर पडल्याची. "सोळा वर्षांची मैत्री आहे आमची," ती म्हणाली. "मला माफी मागायचीय. पण नेमकी कशाची मागू तेच कळत नाहीये, कारण तिच्या मुलाला सहलीला न्यायचं नाही असं आम्ही ठरवलं ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही."

एवढं खरं ती पहिल्याच भेटीत बोलली, म्हणून पुढचं काम होऊ शकलं. मी मुलं आणि पालक यांच्यासोबत काम करणारी समुपदेशक आहे. मोठ्या माणसांच्या मैत्रीतली भांडणं सहसा माझ्याकडे येत नाहीत. पण या भांडणाच्या मधोमध साडेसात वर्षांचा एक मुलगा होता आणि त्याच्याबद्दल तीन घरांत वर्षभर चर्चा चालली होती. बोलायचं राहिलं होतं ते फक्त त्याच्या आईशी. मी चौघींना वेगवेगळं भेटले, मग तिघींना एकत्र. लिहिते आहे ते चौघींच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. नावं खोटीही घेत नाही. एक मुलाची आई, एक धाकटीची आई (जिच्या मुलीला लागलं ती), एक डेंटिस्ट, आणि एक सगळं बुकिंग करणारी, जी माझ्याकडे आली ती.

चौघी पुण्यात शिकायला आलेल्या, वेगवेगळ्या कॉलेजांतल्या, पण एका लेडीज होस्टेलवर तीन वर्षं एकत्र राहिलेल्या. मेसच्या डब्याला कंटाळून खोलीत चोरून शेगडी ठेवणाऱ्या. नोकऱ्या, लग्नं, मुलं, सगळं पुण्यातच झालं. धाकटीची आई आणि मुलाची आई तर एकाच सोसायटीत राहतात. मुलं झाल्यापासून दर डिसेंबरात चार कुटुंबं कोकणात जायची. ठरलेली प्रथाच होती ती.

झोपाळा

आदल्या वर्षी ते दापोलीजवळ एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी गेले होते. ताम्हिणी उतरून माणगाव, मग मंडणगडवरून दापोली, मुलांच्या उलट्या आणि चहाचे थांबे धरून सहा-सात तासांचा प्रवास. पोचेपर्यंत दोन वाजून गेलेले. जेवण तयार नव्हतं. घराच्या पडवीत लाकडी पाटाचा मोठा झोपाळा होता आणि पाच मुलं त्याच्यावर तुटून पडली.

पुढे काय झालं याच्या चार हकीकती मला ऐकायला मिळाल्या. तीन हकीकतींची सुरुवात "त्याने तिला ढकललं" इथून होते. चार वर्षांची मुलगी पाटावरून खाली फरशीवर पडली, हनुवटी फुटली, दापोलीत नेऊन तीन टाके घालावे लागले. ते टाके घालताना मुलगी जशी किंचाळली, तो आवाज तिच्या आईला अजून ऐकू येतो. हे मी मुद्दाम आधी लिहिते. या प्रकरणात ज्या मुलीला लागलं तिची बाजू नंतर आठवायची गोष्ट होऊ नये.

चौथी हकीकत बुकिंग करणारीची. ती पडवीतच बसली होती. तिला आठवत होतं की मुलांनी आपसात नियम केला होता, प्रत्येकाला दहा झोके, मोजून. मोजत होता हाच मुलगा, मोठ्याने. धाकटीचे दहा झाले. तो पुढे झाला. तेवढ्यात कुणीतरी मोठं माणूस म्हणालं, "लहान आहे रे ती, अजून पाच घेऊ दे." तिने अजून पाच घेतले. मग पुन्हा कुणीतरी म्हणालं, "राहू दे, बसलीये तर." आणि मग त्याने ढकललं.

हे तिने मला सांगितलं आणि स्वतःच गप्प झाली. "हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "रक्त बघून सगळे ओरडत होते. त्यात नियमाचं काय बोलणार?"

कारण सापडलं म्हणून ढकलणं माफ होत नाही. पण मुलाचं वागणं समजून घ्यायचं तर आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, हे तिन्ही तुकडे हातात लागतात. या ग्रुपकडे वर्षभर फक्त मधला तुकडा होता. आणि एकच तुकडा हातात असला की माणूस त्याचं विशेषण करून टाकतो. आक्रमक, लाडावलेला, वळण नसलेला. हे तिन्ही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले.

त्यात सहलीची जागा अशी असते की अशा मुलाचा तिथे कडेलोट व्हावा. रोजचं वेळापत्रक मोडलेलं, झोप अपुरी, भूक टळलेली, परकं घर, पाच मुलांचा कालवा. आठ मोठी माणसं हजर, आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसरं कुणीतरी लक्ष ठेवून आहे. घरी एक आई जेवढं बघते तेवढंही तिथे आठ जणांकडून होत नाही.

मुलाच्या आईने तिथे काय केलं? त्याला सगळ्यांसमोर दोन धपाटे घातले आणि धाकटीच्या आईला म्हणाली, "सॉरी गं, पण मुलं आहेत, होतंच." त्या "होतंच"ने जे नुकसान केलं ते टाक्यांनी केलं नव्हतं. धाकटीची आई मला म्हणाली, "माझ्या मुलीची हनुवटी शिवली होती आणि ही म्हणते होतंच. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं की माझ्या मुलाने केलं, मी बघते. तिने पुण्यात आल्यावर फोनसुद्धा केला नाही."

फोन का केला नाही, ते मला त्याच्या आईकडून कळलं. शरमेने. पाच-सहा वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. तिने केलं ते वेगळंच. शाळेच्या डायरीत तक्रारी येतच होत्या. त्या प्रसंगानंतर तिने धीर करून मुलाला तपासणीसाठी नेलं. तीन-चार महिने भेटी, शाळेकडून भरून आणलेल्या प्रश्नावल्या, आणि ऑगस्टमध्ये निदान झालं, एडीएचडी. अवधान टिकत नाही, आवेग आवरत नाही, शरीर एका जागी राहत नाही, असा मेंदूच्या वाढीशी संबंधित त्रास. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून हे निदान होत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसायला लागलेली असावी लागतात, कमीत कमी सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून वेळ लागतो.

हे तिने मैत्रिणींना सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाहेर बोलू नकोस, मुलाला शिक्का बसेल." ही भीती पोकळ नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार नोंदलेले आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. चेहऱ्यावरून काही दिसत नाही, हातात दाखवायला प्रमाणपत्र नाही. उरतं ते लोकांना दिसलेलं वागणं, आणि त्याचा जाब आईला.

म्हणजे ज्या वर्षी तिघी जणी "ती मुलाकडे लक्षच देत नाही" असं म्हणत होत्या, नेमक्या त्याच वर्षी ती दर शनिवारी त्याला घेऊन उपचारांना जात होती.

दुसरा ग्रुप

ऑक्टोबरात मुलाच्या आईने जुन्या ग्रुपवर विचारलं, "काय गं, यंदा कुठे? मी बुकिंग बघू का?" दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मग बुकिंग करणारीने लिहिलं, "यंदा बहुतेक राहूनच जाईल असं दिसतंय. कुणाचंच जमत नाहीये." खाली डेंटिस्टने रडक्या चेहऱ्याचा इमोजी टाकला.

तोपर्यंत दिवेआगरचा ॲडव्हान्स भरून झाला होता. दुसरा ग्रुप निघालेला होता, तीन कुटुंबांचा.

हा निर्णय झाला कसा, ते शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बुकिंग करणारी म्हणाली, "धाकटीची आई त्याच्यासोबत आलीच नसती. तिच्यासाठी केलं." धाकटीची आई म्हणाली, "मी असं कधीच म्हटलं नाही. मी म्हटलं होतं की मला त्यांच्या शेजारची खोली नको. बाकी दोघी वैतागल्या होत्या, मला वाटलं त्यांचं ठरलंय." डेंटिस्ट म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तीन दिवस शांतता हवी असते, ते खरं आहे. पण मी फक्त एवढंच म्हटलं की मग वेगळा ग्रुप काढ, सोपं पडेल. निर्णय त्या दोघींचा होता."

जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४मध्ये स्वतःच्या सासरची एक हकीकत लिहिली होती. टेक्सासमधलं कोलमन गाव, जुलैची दुपार, पारा चाळीस अंशांवर. सासरे म्हणाले, ॲबिलिनला जेवायला जाऊया. ५३ मैल लांब, गाडीला एसी नाही. सगळे हो म्हणाले. धुळीने माखून परतल्यावर एकेकाने कबूल केलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नाही, बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी सुचवलं होतं. हार्वींचं म्हणणं असं की गट मतभेदांनी जेवढे फसतात तेवढेच न उघडलेल्या सहमतीने फसतात. मला हे तिघींचे जबाब जोडताना सारखं आठवत होतं. इथे प्रत्येकीला थोडी-थोडी कटकट नको होती, हे खरंच. पण "तिला अजिबात नको" असं ठाम मत एकीचंही नव्हतं. ते मत प्रत्येकीने दुसरीच्या नावावर टाकलं होतं, आणि त्यातही सगळ्यात जास्त धाकटीच्या आईच्या नावावर, कारण तिचं दुःख खरं होतं आणि त्याच्याआड उभं राहणं सोपं होतं.

बादली

सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी सोसायटीच्या बागेत त्या मुलाला म्हणाली, "आम्ही उद्या समुद्रावर जाणार. तू नाही येणार?"

पाच वर्षांची मुलगी. तिला गुपित सांगितलं होतं, पण गुपित कुणापासून ठेवायचं ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

तो पळत घरी आला. बाल्कनीतल्या कपाटावरून वाळूत खेळायची निळी बादली आणि फावडं काढलं, धूळ झटकली, चड्डी आणि टॉवेल बादलीत कोंबले आणि दारापाशी नेऊन ठेवलं. आईला म्हणाला, "उद्याचं मला आधी का नाही सांगितलंस?" तिला वाटलं, खेळातलं काहीतरी बोलतोय. मग तिने बुकिंग करणारीला फोन केला, उचलला गेला नाही. डेंटिस्टला केला. ती म्हणाली, "अगं आमचं अचानकच ठरलं." पाठीमागून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता, बॅगा खाली नेऊ का म्हणून.

बादली दाराशीच होती. रात्री झोपताना मुलाने विचारलं, "मी तेव्हा ढकललं म्हणून?"

त्याच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती म्हणाली, "मी त्याला नाही म्हटलं. म्हटलं गाडीत जागा नव्हती. त्याने विश्वास ठेवला नाही. तो खोटं ओळखतो."

वगळलं जाणं किती खोल लागतं, यावर किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केलं. त्याची सुरुवात एका बागेत झाली. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती यांच्याकडे आली, यांनी परत फेकली, थोडा वेळ तिघांचा खेळ जमला, आणि मग अचानक त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. ना ओळख, ना देणंघेणं, तरी त्यांना ते झोंबलं. त्यावरून त्यांनी प्रयोग बेतले. अनोळखी माणसांचं काही मिनिटांचं वगळणं एवढं लागतं. इथे सोळा वर्षं होती.

नेमकं काय चुकलं

तीन दिवस एका घरात राहायचं, आणि तुमच्या चार वर्षांच्या मुलीला एकदा टाके पडलेत. अशा वेळी "या वर्षी नको" म्हणायचा धाकटीच्या आईला पूर्ण अधिकार होता, असं मी मानते. मैत्री म्हणजे मुलीच्या जिवाची धाकधूक गिळून हसत राहणं नव्हे. समुद्राकाठी तर ही धाकधूक वाढतेच. निदान कळलं असतं तरी तिचा हा अधिकार गेला नसता.

चुकलं ते "कुणाचंच जमत नाहीये" हे वाक्य. त्या वाक्याने आईची कारण ऐकण्याची, उत्तर देण्याची, स्वतःहून "मग आम्ही नाही येत" म्हणण्याची, किंवा "आम्ही फक्त एक दिवस येतो, वेगळ्या घरात राहतो" असं सुचवण्याची संधी काढून घेतली. आणि लहान मुलीला खोट्यात सामील केलं, जे मला सगळ्यात जास्त खटकलं.

आईनेही लपवलं होतंच की, असं डेंटिस्ट मला म्हणाली. ही तुलना मला मान्य नाही. मुलाचं निदान त्या मुलाचं आहे. ते कुणाला सांगायचं हे ठरवण्याची घाई आईवर लादता येत नाही. पण निदान न सांगताही सांगण्यासारखं होतं. "त्याला आवरणं मला जड जातंय, मी मदत घेतेय" एवढं. धाकटीच्या आईच्या कानावर एवढे शब्द पडले असते तर पुढचं बरंच टळलं असतं, आणि हे मी मुलाच्या आईला तसंच सांगितलं. तिने मान हलवली. थोडा वेळ गेला आणि म्हणाली, "बोलले असते तर मला मदतही मागता आली असती."

तो फोन कसा करायला हवा होता, हे बुकिंग करणारीने मला विचारलं. आम्ही दोघींनी बसून तो लिहून काढला. तिच्याच शब्दांत होता तो, मी फक्त खोडत गेले. शेवटी एवढा उरला: "अगं ऐक, डिसेंबरचं ठरतंय. गेल्या वर्षी झोपाळ्यावर जे झालं ते आमच्या मनातून गेलेलं नाही. तीन दिवस एका घरात राहायची मला भीती वाटतेय. तुझ्याशी बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाहीये. तुला काय वाटतं?" खोडलेल्यात "तुझा मुलगा हल्ली फार" होतं, "सगळ्यांचंच म्हणणं आहे" होतं आणि "राग मानू नकोस" होतं. एक प्रसंग, एक भीती, आणि तीही स्वतःची. मुलाला विशेषण नाही, आईच्या वळण लावण्यावर निकाल नाही. आणि निर्णय आधीच झालेला असेल तर "तुला काय वाटतं" विचारायचं नाही. "या वर्षी आम्ही तुम्हाला सोडून जातोय" असं सरळ सांगायचं. ते ऐकून ती रडेल, रागावेल. पण ती बादली कपाटावरून खाली आली नसती.

मुलाचं काय? आईला मी सुचवलं की गाडीतल्या जागेची गोष्ट मागे घे. त्याने जे ओळखलंय ते खरं आहे. त्याला सांग की हो, तेव्हा ढकललंस म्हणून मावशीला भीती वाटली. मोठ्या माणसांनी ते मला सांगायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही, ती त्यांची चूक. ढकलणं ही तुझी चूक आणि रांग मोडणं ही तिथल्या मोठ्यांची. तिने सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्यांनी पण सॉरी म्हणायला पाहिजे ना?"

एकत्र भेट

मार्चमध्ये तिघी माझ्याकडे एकत्र बसल्या. डेंटिस्ट आली नाही, क्लिनिकचं कारण सांगितलं. बुकिंग करणारीने माफी मागितली, ठरवण्याची नव्हे, खोट्याची. पहिल्या दिवशी तिला जे ठरवता येत नव्हतं ते तिने असं दोन भागांत करून आणलं होतं. झोपाळ्यावरचे जास्तीचे पाच झोकेही तिने तिथे पहिल्यांदा सांगितले. धाकटीची आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अजून पाच घेऊ दे असं मीच म्हटलं होतं." मुलाच्या आईने तेव्हाच न केलेला तो फोन तोंडी केला. "माझ्या मुलाने तुझ्या मुलीला दुखवलं. मी तेव्हा होतंच म्हटलं, ते म्हणायला नको होतं." निदानाबद्दल ती स्वतःहून बोलली. मी विचारलं नव्हतं.

धाकटीच्या आईने तरीही स्पष्ट सांगितलं की मुक्कामाच्या सहलीला तिची अजून तयारी नाही. कुणी तिला गळ घातली नाही, आणि मला वाटतं त्या दिवसातला सगळ्यात मोकळा क्षण तोच होता. नाही म्हणता येतं आणि तरी खोलीतून कुणी उठून जात नाही, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

मग त्यांनी लहानसं ठरवलं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका रविवारी सकाळी मुळशीच्या बाजूला, फक्त तीन तास, घरून डबे नेऊन. मुलाच्या आईने काही गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. त्याला काय होणार आहे ते क्रमाने सांगायचं, भूक लागायच्या आधी खायला द्यायचं, एका वेळी एकच सूचना द्यायची, ठरलेला नियम मोठ्यांनीही मोडायचा नाही, आणि तो दमायला लागला की ती त्याला घेऊन निघेल, तेव्हा "थांब ना अजून" म्हणायचं नाही. ती अडीच तासांनी निघाली. कुणी थांब म्हटलं नाही. धाकटीने त्याला गाडीच्या काचेतून अर्धा पेरू दिला.

डिसेंबरच्या मुक्कामाचं अजून ठरलेलं नाही. बुकिंग करणारीने दुसरा ग्रुप बंद केला. जुन्या ग्रुपवर मुलाच्या आईला परत घ्यायची लिंक तिने पाठवली होती. ती तिने उघडलेली नाही. दोघींशी ती फोनवर बोलते, वेगवेगळं. डेंटिस्टचा फोन तिला अजून आलेला नाही.